जिन्यातली उलटतपासणी

एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील कमी करून सारांश देते.

ताई ४८ वर्षांच्या. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतात. शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ८४ वर्षांच्या एक आजी एकट्याच राहतात. ना नात्यातल्या, ना गावाकडच्या. मूलबाळ नाही, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. ताईंचा मुलगा लहान होता आणि ताईंची बी.एड.ची परीक्षा होती, तेव्हा या आजींनी त्याला महिनाभर सांभाळलं होतं. गेली सहा वर्षं ताई रोज संध्याकाळी त्यांना डबा नेतात, आठवड्याच्या गोळ्या लावून देतात, दवाखान्यात नेतात. मुलगा आता अभियांत्रिकीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत जेवताना तो म्हणाला, "आई, निःस्वार्थ असं जगात काही नसतं. नात्यातल्यांसाठी करतो ती जनुकांची सोय. परक्यांसाठी करतो ती एकतर परतफेड, नाहीतर चारचौघांत नाव व्हावं म्हणून. तुला बरं वाटतं म्हणून तू करतेस." यातलं बरंच ताईंनी स्वतः वाचलेलं, वर्गातही सांगितलेलं. त्यामुळे उत्तर सुचलं नाही. त्यातच गावाकडून भावाचा टोमणा आला: "सख्ख्या आईकडे महिन्यातून एकदा, आणि परकीकडे रोज." ताई लिहितात, "आता डबा हातात घेऊन जिन्यात थांबते आणि मनाला विचारते, हे मी नक्की कशासाठी करतेय? हल्ली गुडघेही दुखतात. माझा चांगुलपणा खोटा असेल तर तो चालू ठेवण्यात काय अर्थ आहे?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा लक्ष सगळं जीवशास्त्राकडे गेलं. दुसऱ्या वेळी गुडघ्यांच्या वाक्यापाशी थांबले. तिथे मी परत येणार आहे. पण आधी मुलाचं म्हणणं घेऊ, कारण ते उडवून लावण्यासारखं नाही. त्याने वाचलंय, विचार केलाय, आणि आईशी जेवता जेवता बोललाय. अशा बोलण्याला "मोठा शहाणा झालास" असं उत्तर देऊ नये. तुम्ही दिलं नाहीत, हे बरं केलंत.

तो ज्या शास्त्राबद्दल बोलतो, ते खरंच आहे. जे. बी. एस. हाल्डेन हे नाव तुम्हाला माहीत असेल. मोठे जनुकशास्त्रज्ञ. १९५७ मध्ये इंग्लंड सोडून भारतात आले, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम केलं आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. १९५५ च्या एका लेखात त्यांनी एक हिशेब मांडला. समजा, पुराच्या पाण्यात उडी मारून मुलाला वाचवायला लावणारं एखादं दुर्मीळ जनुक तुमच्यात आहे आणि उडी मारण्यात तुम्ही बुडण्याचा धोका दहात एक आहे. ते मूल तुमचं स्वतःचं किंवा सख्खं भावंड असेल, तर त्याच्यातही ते जनुक असण्याची शक्यता निम्मी. म्हणजे दहा उड्यांमागे असं एक जनुक बुडालं तर त्याबदल्यात पाच वाचतात, आणि जनुक पिढ्यान्‌पिढ्या पसरत जातं. पुतण्या-भाच्यांसाठी हे प्रमाण अडीचास एक. चुलत-मावस भावंडांसाठी फायदा अगदी नाममात्र. हेच पुढे १९६४ मध्ये विल्यम हॅमिल्टन यांनी रीतसर गणितात बसवलं. तुमचा मुलगा ज्याला "जनुकांची सोय" म्हणतो, ते हे.

पण हाल्डेन यांनी त्याच लेखात आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे, आणि ती मला त्या हिशेबाइतकीच मोलाची वाटते. बुडू शकणाऱ्या माणसांना त्यांनी स्वतः दोनदा पाण्यातून बाहेर काढलं होतं. त्या दोन्ही वेळा असला हिशेब करायला वेळच नव्हता, असं ते सांगतात. ज्याने गणित मांडलं, त्याच्याही मनात काठावर उभं असताना गणित नव्हतं. अमेरिकेत दुसऱ्याचा जीव वाचवताना स्वतःचा जीव धोक्यात घालणाऱ्यांना कार्नेगी हिरो पदक देतात. अशा ५१ जणांच्या मुलाखती डेव्हिड रँड आणि झिव्ह एपस्टाइन यांनी २०१४ मध्ये तपासल्या. मुलाखती वाचणाऱ्या त्रयस्थांचं मत पडलं, की या माणसांनी आधी उडी घेतली, विचार केलाच असेल तर नंतर.

ताई, तुमच्या जिन्यातला घोळ इथेच आहे. तुम्ही दोन वेगळे प्रश्न एकात एक मिसळले आहेत. जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी १९६१ मध्ये जीवशास्त्रातली "जवळची कारणं" आणि "दूरची कारणं" वेगळी करून दाखवली. बाळ रात्री रडतं आणि आई उठते. दूरचं कारण विचारलं तर उत्तर हजारो पिढ्यांत जातं: ज्या आया उठल्या नाहीत त्यांची बाळं जगली नाहीत. जवळचं कारण विचारलं तर उत्तर पाळण्यापाशी आहे: बाळ रडतंय आणि तिला ते ऐकवत नाही. तुमचा मुलगा तान्हा असताना रात्री तीन वाजता तुम्ही उठलात, तेव्हा तुमचा हेतू जनुकं पसरवण्याचा होता का? तुम्हाला झोप आली होती आणि तो रडत होता, एवढंच होतं. दूरचं कारण खरं ठरल्याने जवळचं कारण खोटं ठरत नाही. तुम्हाला आजींची काळजी वाटते ही क्षमता कुठून आली, याचं उत्तर उत्क्रांती देते. तुमची काळजी खरी आहे की नाही, हे ती ठरवत नाही. आणि "स्वार्थ" हा शब्द जनुकाला लावला तर ती केवळ बोलायची सोय असते. जनुकाला मन नाही, हेतू नाही. स्वार्थी असायला आधी कुणीतरी असावं लागतं.

"तुला बरं वाटतं म्हणून करतेस" हा मुद्दा मात्र जुना आहे आणि तो उत्क्रांतीशास्त्राचा नाहीच. जोसेफ बटलर नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने १७२६ मध्ये त्याला दिलेलं उत्तर मला आजही पटतं. ज्या गोष्टीची मुळात ओढ नाही, ती घडल्याचा आनंद होत नाही. आजी जेवल्या म्हणून तुम्हाला बरं वाटलं, कारण त्या जेवाव्यात असं तुम्हाला आधीपासून वाटत होतं. काळजी आधी, समाधान मागाहून. मुलगा क्रम उलटा लावतोय. डॅनियल बॅटसन यांनी १९८१ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग केला. एका तरुणीला विजेचे धक्के बसताहेत असं लोकांना पडद्यावर दाखवलं. प्रत्यक्षात धक्के नव्हते, ती अभिनय करत होती. काही जणांना तिथून लगेच निघून जायची मुभा होती. नुसती स्वतःची अस्वस्थता घालवायची असती, तर निघून जाणं सगळ्यांत सोपं होतं. ज्यांना तिच्याविषयी कळवळा वाटला, त्यांच्यातल्या बहुतेकांनी जाता येत असूनही "तिच्या जागी मला धक्के द्या" म्हटलं. हे हेतू-संशोधन पुढे अनेक वर्षं चाललं, वादही झाले. पण माणूस फक्त स्वतःच्या सुखासाठीच करतो, हे विधान आता कुणी सहज करू शकत नाही.

आणखी एक प्रयोग सांगते, तो शिक्षिका म्हणून तुम्हाला आवडेल. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये दीड वर्षाच्या मुलांसमोर एका माणसाच्या हातून वस्तू खाली पडू दिली. तो माणूस नुसता हात लांबवून धडपडत राहिला. मुलं दुडूदुडू चालत गेली आणि ती उचलून त्याच्या हातात दिली. कुणी सांगितलं नव्हतं, शाबासकी नव्हती. पुढे २००८ मध्ये त्यांनी वीस महिन्यांच्या काही मुलांना अशा मदतीबद्दल बक्षीस द्यायला सुरुवात केली. बक्षीस बंद झाल्यावर तीच मुलं, बक्षीस कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा कमी मदत करू लागली. आमिष आलं आणि आतली ओढ आटली. ताई, तुम्ही रोज जिन्यात उभ्या राहून "यात मला काय मिळतं" हा प्रश्न स्वतःला विचारताय. मिळकतीचा विचार बाहेरून आला काय, आतून आला काय, त्याने ओढ आटू शकते. रॉबर्ट फ्रँक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडलं, की माणूस स्वार्थीच असतो असं गृहीत धरणारं अर्थशास्त्र शिकताना विद्यार्थ्यांचं सहकार्याचं वागणं कमी होतं. स्वतःविषयी आपण जे सिद्धान्त बाळगतो, त्यांचा आपल्यावर परिणाम होतो. म्हणून मुलाशी हे बोलणं अर्धवट सोडू नका.

आता परतफेड. हे थोडं नाजूक आहे, कारण आजींनी खरंच तुमचं मूल सांभाळलं होतं. परतफेडीतून चालणारा परोपकार ही कल्पना रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ मध्ये मांडली, आणि तिचं गाजलेलं उदाहरण रक्त पिणाऱ्या वटवाघळांचं आहे. दोन-तीन रात्री पोटात रक्त गेलं नाही तर हे वटवाघूळ मरतं. अशा वेळी पोट भरलेलं दुसरं वटवाघूळ आपल्या पोटातलं रक्त बाहेर काढून त्याला भरवतं. जेराल्ड विल्किन्सन यांनी १९८४ मध्ये कोस्टा रिकात हे पाहिलं. पुढे जेराल्ड कार्टर आणि त्यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की कोण कुणाला भरवणार हे रक्ताच्या नात्यापेक्षा आधी कुणी कुणाला भरवलं यावर जास्त ठरतं. आणि २०२० चं संशोधन तर मला फार जवळचं वाटतं. एकमेकांना अनोळखी वटवाघळं एकत्र ठेवली, तर ती आधी एकमेकांची अंगं चाटून साफ करतात. थोडं थोडं करून ओळख वाढते, आणि पुढे त्यातलीच काही भुकेल्याला रक्त भरवू लागतात. याला व्यवहार म्हणायचं की मैत्री, हे मला सांगता येत नाही. तुमचंही सुरुवातीला तसंच झालं असणार: आधी मुलाला तासभर ठेवणं, मग वाटीभर भाजीची देवाणघेवाण, मग महिनाभराचा सांभाळ. पण हिशेबच म्हणाल, तर एका महिन्याच्या बदल्यात सहा वर्षं दिलीत. तो कधीच फिटलाय. ८४ वर्षांच्या बाई आता तुम्हाला काही परत देणार नाहीत, हेही तुम्हाला ठाऊक आहे. जे उरलंय त्याला आपल्याकडे कृतज्ञता म्हणतात, माया म्हणतात. तिची सुरुवात देवाणघेवाणीत झाली, म्हणून आज तिची किंमत कमी होत नाही.

तुमच्या मनात मला एक गृहीतक दिसतं, आणि ते शास्त्रातून आलेलं नसून आपल्या वळणातून आलंय. चांगलं काम निष्काम असलं तरच चांगलं, त्यात आनंदाचा, कौतुकाचा कण सापडला की ते बाटलं, असं आपल्याला लहानपणापासून वाटत असतं. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७८५ मध्ये कर्तव्याला सगळ्यांत वर ठेवलं, पण आपल्या हेतूंचा तळ आपल्याला कधीच पुरता लागत नाही हे त्यांनीही कबूल केलं. जो तळ कुणालाच लागला नाही, तो तुम्ही रोज संध्याकाळी सात वाजता जिन्यात शोधायला निघता. त्याच्या दोन हजार वर्षं आधी ॲरिस्टॉटलने तर उलटंच म्हटलं: देताना ज्याला आनंद होत नाही त्याला कुणी उदार म्हणणार नाही. मला ॲरिस्टॉटलचं पटतं. शेजाऱ्यांनी कौतुक केलं की तुम्हाला छान वाटतं, असंही तुम्ही लिहिलंय, जणू गुन्ह्याची कबुली. वाटू द्या. कौतुक थांबलं तर तुम्ही डबा थांबवाल का? पत्रातच उत्तर आहे: कोविडच्या काळात लोक तुम्हाला "कशाला जाता तिकडे" म्हणून बोल लावत होते, आणि तुम्ही डबा दाराच्या कडीला अडकवून, बेल वाजवून, जिन्यात चार पायऱ्या खाली उभ्या राहायचात. आजींनी तो आत नेल्याशिवाय हलायच्या नाहीत. तोच जिना आहे, ताई. तेव्हा तिथे उभं राहून तुम्ही फक्त दाराकडे बघत होतात.

मुलगा हुशार आहे, तेव्हा तो पुढचा डाव टाकेल: "मग चांगलं-वाईट हाच भ्रम नाही का? उत्क्रांतीने आपल्याला जगवण्यासाठी बसवलेला?" तत्त्वज्ञ शॅरन स्ट्रीट यांनी २००६ मध्ये जवळपास हाच पेच टाकला आहे. आपली मूल्यं उत्क्रांतीने घडवली असतील, तर ती एखाद्या स्वतंत्र नैतिक सत्याशी जुळली हा निव्वळ योगायोग मानायचा का? यावर अजून वाद चालू आहे, आणि मी तो इथे निकालात काढणार नाही. पण मोजायची आपली क्षमताही उत्क्रांतीतूनच आली, आणि म्हणून दोन अधिक दोन चार होणं खोटं ठरलं नाही, एवढं त्याला सांगा. तो म्हणेल, आकड्यांचं वेगळं, नीतीचं वेगळं. म्हणू दे. तिथून पुढे रात्रभर बोलायला विषय आहे. मला स्वतःला या संशोधनातली वेगळीच गोष्ट टोचते. आपला कळवळा निसर्गतः आपल्या माणसांपाशी थांबतो, कारण तो आपल्यांतच घडला. डार्विन यांनी १८७१ मध्ये लिहिलं होतं, की साध्या विचारानेही माणसाला कळेल, आपली सहानुभूती ओळखीच्यांपुरती न ठेवता साऱ्या देशबांधवांपर्यंत न्यावी, आणि एकदा तिथवर पोचल्यावर इतर देशांच्या, वंशांच्या माणसांपर्यंत ती नेण्यात फक्त एक कृत्रिम भिंत उरते. तुमचा तिसरा मजला त्या वाटेवर आहे.

भावाच्या टोमण्याकडे वळते. रक्ताच्या नात्याचा हक्क पहिला, असं त्याला म्हणायचंय. नुसतं निसर्गाचं म्हणाल, तर गांधीलमाश्यांतही ते इतकं सरळ नाही. आपल्याकडे खिडकीच्या सज्जाखाली कागदी पोळं करणारी गांधीलमाशी असते, तिच्यावर राघवेंद्र गदगकर यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कित्येक वर्षं काम केलं. यातल्या बऱ्याच माश्यांना स्वतःचं पोळं बांधून अंडी घालता येतात, तरी त्या दुसरीच्या पोळ्यात राबतात. त्यांचं नातं फार जवळचं असतं असंही नाही. एक मोठं कारण असं, की एकटीने पोळं मांडलं आणि ती मध्येच मेली तर सगळंच वाया जातं. चौघींत राबली तर ती गेल्यावरही पिल्लं वाढतात. पण खरं सांगायचं तर माश्यांनी काहीही केलं, तरी तुम्ही काय करावं हे त्यावरून ठरत नाही. निसर्गात असं आहे, म्हणून माणसाने असं वागावं, ही उडी अठराव्या शतकातल्या डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाच्या काळापासून चुकीची मानली गेली आहे. हॅमिल्टन यांचं सूत्र तुमच्या रविवारचं वेळापत्रक लावून देणार नाही.

तरीही भावाच्या बोलण्यात एक खरं दुखणं आहे, आणि मला वाटतं तुमचंही तेच आहे. आई ७९ वर्षांची, साठ किलोमीटरवर. रोजचं तिचं सगळं वहिनी करतात. तो टोमणा आजींविषयी नसावा. "आम्ही थकलो" हे घरातल्या मोठ्या बहिणीला सरळ सांगता येत नाही, म्हणून तो आडून बोलला असावा. आणि तुम्हीही थकला आहात. पत्रात तीन पानं हेतूंवर आणि गुडघ्यांवर अर्धं वाक्य! "माझा चांगुलपणा खोटा असेल तर थांबवू का" असं तुम्ही विचारता. मला ते "मी दमले, थांबले तर चालेल का" असं ऐकू येतं. दमल्याची कबुली द्यायची तुम्हाला लाज वाटते, म्हणून सिद्धान्ताकडून परवानगी मागताय. त्याची गरज नाही. चांगली माणसंही दमतात. दमलं म्हणून आधीची सहा वर्षं खोटी होत नाहीत.

तेव्हा डबा थांबवू नका, पण एकटीने नेऊ नका. आजींच्याच मजल्यावर कॉलेजची दोन मुलं भाड्याने राहतात असं तुम्ही लिहिलंय. खालच्या वॉचमनकडे डबा ठेवून त्यांच्यातल्या एकाला वर न्यायला सांगा. मऊ भात आणि ताकाची बाटली, एवढंच तर असतं. आठवड्यातून तीन दिवस तसं, दोन दिवस पोळीभाजी केंद्राचा डबा, दोन दिवस तुम्ही स्वतः. पैशाची सोय आजींच्या पेन्शनमधून होऊ शकते, त्यांनाच विचारा. त्यांना न विचारता त्यांची व्यवस्था लावणं, हा प्रेमाने करणाऱ्यांकडूनही होणारा अन्याय आहे. आधी त्यांना "आजी, माझे गुडघे दुखतात" एवढं सांगून बघा. सहा वर्षांत तुम्ही हे त्यांना एकदाही सांगितलं नसणार. गोळ्या लावायचं काम मात्र तुमच्याकडेच ठेवा, तिथे चूक परवडत नाही. आणि ऑर्थोपेडिककडे या आठवड्यात जा.

असंच काही करणाऱ्या इतर वाचकांनाही सांगते: शेजारच्या काकांना, घरी काम केलेल्या मावशींना, जुन्या शिक्षकांना तुम्ही सांभाळत असाल तर दुसऱ्या माणसाचं नाव आजच ठरवा. स्वतःच्या हेतूंची तपासणी करायची खोड असेल, तर ती तिकडे वळवा आणि त्या माणसाकडे बघा. वजन कमी झालंय का? कालचा डबा अर्धा परत आला का? बोलताना सारखं तेच तेच येतं का? मदत नीट पोचतेय की नाही, हे तिथे कळतं.

मुलाला वादात हरवायला जाऊ नका. पुढच्या सुट्टीत आठवडाभर डबा त्याच्या हाती द्या आणि बरोबर जाऊ नका. ज्या मांडीवर तो महिनाभर जेवला, त्या बाईंपुढे त्याला बसू द्या. नंतर त्याने विचार बदलला नाही तरी चालेल.

भावाला फोन या रविवारीच करा. पण त्याच्याशी बोलायच्या आधी वहिनींना द्यायला सांगा, आणि पहिलं वाक्य असं बोला: "तुला महिन्यातले कुठले चार दिवस सुट्टी हवी ते सांग, मी येऊन राहते."

— तुमची, सल्ला सदरातली मैत्रीण